जॅझमधलं "सध्या काय ऐकतोयस?" : अल्बम निवडायचा कसा, ऐकायचा कसा आणि दुसऱ्याला सांगायचा कसा

जॅझ ऐकणारे दोन जण भेटले की पाच मिनिटांत हा प्रश्न येतोच, सध्या काय ऐकतोयस. उत्तर म्हणून बहुतेक वेळा नावांची माळ निघते, माइल्स, कोल्ट्रेन, थोडा मिंगस, ते लंडनचं नवीन काहीतरी, समोरचा वा वा म्हणतो आणि लगेच स्वतःची माळ काढतो. घरी जाऊन दोघंही काहीच लावत नाहीत, कारण लावण्यासारखं कोणी काही सांगितलेलंच नसतं. "मस्त आहे, ऐक" यावर कोणी पाऊण तास काढत नाही हो.

याउलट कोणी म्हणालं, की "माइल्स डेव्हिसच्या काइंड ऑफ ब्लूमधलं सो व्हॉट लाव, साधारण दीड मिनिटाला माइल्सचा ट्रंपेट शिरतो तेव्हा ड्रम्सवाला जिमी कॉब झांजेवर जो एक घाव घालतो ना, तो आधी ऐक आणि मग त्याचा आवाज विरेपर्यंत थांब", तर तुम्ही त्याच रात्री ते लावणार. माझं म्हणणं एवढंच आहे, एका वेळी एक अल्बम आणि त्यातली एक जागा. हे जमायला ऐकण्याचीच सवय थोडी बदलावी लागते. ती कशी बदलायची ते क्रमाने सांगतो. नवीन असाल तर पहिल्यापासून वाचा, जुने असाल तर तिसऱ्या पायरीनंतरचं वाचलं तरी चालेल.

१. एकच अल्बम घ्या आणि आठवडाभर तोच

आधी सोप्या गोष्टी. शफल बंद. ऑटोप्ले बंद, नाहीतर अल्बम संपल्यावर ॲप स्वतःच्या मनाने भलतंच काहीतरी लावतं आणि शेवट कसा झाला ते डोक्यातून पुसलं जातं. क्रॉसफेड नावाचं सेटिंग असतं, एक गाणं संपता संपता दुसरं त्यावर चढवणारं, ते पार्टीला ठीक आहे पण जॅझला सत्यानाश, विशेषतः कोल्ट्रेनच्या अ लव्ह सुप्रीमसारख्या चार भागांच्या सलग कामाला. तेही बंद.

मग बघा की तुमच्यासमोर नक्की कुठली आवृत्ती आहे. लाँग प्ले रेकॉर्ड कोलंबियाने १९४८ मध्ये आणली, तिच्या एका बाजूला साधारण वीस-बावीस मिनिटं मावायची आणि पन्नास-साठच्या दशकातले अल्बम त्याच मापाने बेतलेले आहेत. काइंड ऑफ ब्लूमध्ये पाचच ट्रॅक, पहिल्या बाजूला तीन, दुसऱ्या बाजूला दोन. स्ट्रीमिंगवर मात्र त्याच्या मागे पर्यायी टेक, म्हणजे त्याच गाण्याची दुसरी रेकॉर्डिंगं, दुसऱ्या सेशनचे तुकडे, काय काय चिकटवलेलं असतं आणि माणूस दीड तास ऐकून "लांबलचक आहे बुवा" म्हणतो. पाचवा फ्लेमेंको स्केचेस संपला की थांबा. बोनस नंतर कधीतरी, अल्बम पाठ झाल्यावर.

याच अल्बमची एक मजा म्हणजे पहिल्या बाजूचे तीन ट्रॅक कित्येक वर्षं किंचित चढ्या सुरात वाजत होते, कारण रेकॉर्डिंगच्या वेळी टेप मशीनचा वेग थोडा कमी होता. नव्वदच्या दशकातल्या रीइश्यूमध्ये ते दुरुस्त केलं. म्हणजे कोणाच्या घरी जुनी रेकॉर्ड असेल आणि तुम्ही हार्मोनियम घेऊन सूर लावायला बसलात आणि लागला नाही, तर दोष तुमचा नाही.

सुरुवात कशाने करायची? गाण्याची आवड असेल तर एला अँड लुई (१९५६), एला फिट्झजेराल्ड आणि लुई आर्मस्ट्राँग, मागे ऑस्कर पीटरसनची मंडळी, याच्यात न आवडण्यासारखं काही नाहीच. पाय हलवायला हवा असेल तर ड्रम्सवाल्या आर्ट ब्लेकीचा मोनिन (१९५८). शांत काही हवं असेल तर काइंड ऑफ ब्लू. सगळेच सांगतात म्हणून तो टाळू नका, सगळे सांगतात त्याला कारण आहे. त्याहून जुनं, म्हणजे आर्मस्ट्राँगचं विसाच्या दशकातलं ऐकायचं असेल तर अल्बमचा विचारच करू नका. तेव्हा तीन-सव्वातीन मिनिटांच्या तबकड्याच होत्या, वेस्ट एंड ब्लूज (१९२८) एकटं लावा, सुरुवातीला तो एकट्या ट्रंपेटवर जे करतो ते चार वेळा ऐका आणि बंद करा.

२. वाजवतंय कोण ते आधी वाचा

ही पायरी लोक हमखास गाळतात आणि सगळी गंमत इथेच आहे. जॅझचा अल्बम एकाच्या नावावर असला तरी तो चार-सहा जणांनी मिळून केलेला असतो. आपल्याकडे मैफलीला गेल्यावर तबल्याला कोण, पेटीला कोण हे आपण बघतोच ना, मग इथे का नाही. ॲपवर ही माहिती कुठेतरी खोल दडवलेली असते किंवा नसतेच, म्हणून अल्बमचं नाव टाकून मागच्या कव्हरचा फोटो शोधा आणि सगळी नावं कागदावर लिहा. खरंच लिहा, मोबाइलमध्ये स्क्रीनशॉट काढून ठेवलेला कोणी परत बघत नाही.

काइंड ऑफ ब्लूचंच बघू. न्यूयॉर्कमध्ये कोलंबियाच्या थर्टीएथ स्ट्रीट स्टुडिओत १९५९ च्या २ मार्चला आणि २२ एप्रिलला रेकॉर्ड झाला. ट्रंपेटवर माइल्स डेव्हिस, टेनर सॅक्सवर जॉन कोल्ट्रेन, ऑल्टोवर, म्हणजे वरच्या पट्टीच्या सॅक्सवर, कॅननबॉल ॲडर्ली, पियानोवर बिल एव्हान्स, फक्त फ्रेडी फ्रीलोडर या एका ट्रॅकला विंटन केली, डबल बासवर पॉल चेंबर्स, ड्रम्सवर जिमी कॉब. आता नुसती ही यादी हातात धरून तुम्हाला कळतं की दुसऱ्या ट्रॅकला पियानो बदललाय. मग तुम्ही कान लावून बसता की काय बदललं, केली जास्त खेळकर, ब्लूजमध्ये मुरलेला, आणि एव्हान्स आपला धुक्यातून चालल्यासारखा. हे कोणी समजावून सांगायची गरज पडत नाही, नाव माहीत असलं की कान आपोआप तिकडे जातो.

३. पहिलं ऐकणं : नुसती चौकट पकडायची

बहुतेक जॅझ तुकड्यांची चौकट सोपी असते. आधी सगळे मिळून धून वाजवतात, तिला हेड म्हणतात. मग एकेक जण त्याच चौकटीवर आपलं सुचेल ते वाजवतो, बाकीचे साथ करतात. शेवटी पुन्हा धून. ख्याल ऐकणाऱ्याला हे परकं वाटायला नको, बंदिश, मग आवर्तनं भरत जाणं, सम सांभाळणं, हे डोक्यात असलं की पुरे. फरक इतकाच की इथे आवर्तनाला ताल आहे तसेच बदलते स्वरसंघ, म्हणजे कॉर्डही आहेत, आणि ते पूर्ण चक्र, ज्याला कोरस म्हणतात, खूप लांब असू शकतं.

सो व्हॉट यासाठी झकास. सुरुवातीला पियानो आणि बास काहीतरी अधांतरी वाजवतात, तिथे काही मोजू नका. मग बास धून धरतो आणि बाकीचे दोन स्वरसंघांनी उत्तर देतात. इथून मोजायला लागा. चार मात्रांचा एक बार, असे आठ बार म्हणजे एक कप्पा. पहिले दोन कप्पे सारखे, तिसऱ्यात सगळं अर्ध्या स्वराने वर सरकतं, चौथ्यात परत मूळ जागी. बत्तीस बार झाले, चक्र पूर्ण. तो तिसरा कप्पा ओळखता आला की अर्धं काम झालं, कारण मग कोल्ट्रेन काय किंवा कॅननबॉल काय, तिथे पोचल्यावर काय करतो हे तुम्ही वाट बघत ऐकता. पहिल्या दोन-तीन वेळा मोजणी सुटेल. सुटली तर थांबा, पुढच्या चढणीला परत पकडा, बासवाला तुमच्यासाठी मोजतोच आहे.

विषम मात्रांची आवड असलेल्यांनी पियानोवाल्या डेव्ह ब्रुबेकचा टाइम आउट घ्यावा, तोही १९५९ चाच. टेक फाइव्ह पाच मात्रांत, तीन अधिक दोन, आणि ते ब्रुबेकचं नसून त्याच्या सॅक्सवाल्या पॉल डेझमंडचं आहे. ब्लू राँडो आ ला टर्कमध्ये नऊ मात्रा, पण तीन-तीन-तीन अशा नाहीत, दोन-दोन-दोन-तीन अशा पाडल्यात, तीन वेळा तसं आणि चौथ्यांदा सरळ तीन-तीन-तीन. टाळी देऊन बघा. ब्रुबेकला हा ठेका इस्तंबूलच्या रस्त्यावर ऐकू आला होता, १९५८ च्या दौऱ्यात, जो दौरा अमेरिकन सरकारच्या परराष्ट्र खात्याने काढला होता आणि त्यातच तो मुंबईलाही येऊन वाजवून गेला. टेक फाइव्हमध्ये जो मोरेलोचा ड्रम सोलो चालू असताना खाली पियानो एकच तुकडा घट्ट धरून बसलेला असतो, लेहऱ्यावर तबला सोलो ऐकलेल्या माणसाला ते लगेच ओळखीचं वाटतं.

४. दुसरं ऐकणं : एकाच वाद्याच्या मागे लागा

दुसऱ्या खेपेला धून, सोलो सगळं सोडा आणि फक्त बासच्या मागे जा. पहिल्या सुरापासून शेवटपर्यंत. कंटाळा येईल असं वाटतं पण येत नाही. मोबाइलच्या स्पीकरवर हे होणार नाही, त्या इवल्याशा स्पीकरातून डबल बासचे खालचे सूर निघतच नाहीत. महाग यंत्रणा लागत नाही, वायरचे साधे इअरफोन चालतात. लोकलमध्ये ऐकत असाल तर मात्र बास विसरा, गाडीचा खडखडाट नेमका त्याच पट्टीत असतो, तिथे आपला आर्ट ब्लेकी लावावा.

हेडफोनचा अजून एक फायदा असा की त्या काळातल्या स्टिरिओ रेकॉर्डिंगमध्ये वाद्यं डावी-उजवीकडे चांगलीच लांब लांब ठेवलेली असतात, त्यामुळे दोन सॅक्सोफोन कान बदलून ओळखता येतात. एक कान काढून ऐकलं की निम्मा बँड गायब. हा प्रयोग एकदा कराच.

बासच्या मागे जायला सगळ्यात भारी अल्बम म्हणजे बिल एव्हान्स त्रिकूटाचा संडे ॲट द व्हिलेज व्हॅनगार्ड. न्यूयॉर्कच्या त्या तळघरातल्या क्लबमध्ये २५ जून १९६१ ला, एका रविवारी, दुपार-संध्याकाळ मिळून रेकॉर्ड झालेला. बासवर स्कॉट लाफॅरो, आणि हा माणूस साथ करत नाही, पियानोशी गप्पा मारतो, मधेच वाक्य तोडतो, वर चढून स्वतःचंच सुरू करतो. ड्रम्सवर पॉल मोशन, तोही ठेका धरण्यापेक्षा त्यात भर घालणारा. मागे ग्लासांचा किणकिणाट, लोकांची कुजबुज ऐकू येते, काहींना त्याचा राग येतो, मला तर ते नसतं तर चुकल्यासारखं वाटलं असतं. या रेकॉर्डिंगनंतर अकराव्या दिवशी, ६ जुलैला लाफॅरो मोटार अपघातात गेला, वय पंचवीस. अल्बमची सुरुवात आणि शेवट त्याच्याच रचनांनी होतो, ग्लोरियाज स्टेप आणि जेड व्हिजन्स, हे त्याच्यासाठी मुद्दाम केलेलं आहे.

५. जागा टिपायची आणि मग सांगायचं

आता सांगण्याकडे येऊ. अल्बमबद्दल बोलताना चार गोष्टी असल्या की ऐकणाऱ्याचं काम होतं : अल्बम कुठला आणि साल कुठलं, तुम्हाला अडकवून ठेवणारा वादक कोण, नेमकी जागा कुठली, आणि काय आवडलं नाही. चौथी गोष्ट लोक विसरतात. सगळंच थोर म्हणणाऱ्यावर विश्वास बसत नाही. मिनिट-सेकंद लिहून ठेवलात तर उत्तम, पण आवृत्तीनुसार पाच-दहा सेकंद इकडेतिकडे होतात म्हणून "ड्रम सोलो संपल्यावर लगेच" अशी खूणही जोडा.

नमुने देतो, मी कसं सांगेन ते.

अ लव्ह सुप्रीम. सॅक्सवर कोल्ट्रेन, पियानोवर मॅकॉय टायनर, बासवर जिमी गॅरिसन, ड्रम्सवर एल्विन जोन्स. ९ डिसेंबर १९६४, न्यू जर्सीत रुडी व्हॅन गेल्डरचा स्टुडिओ, चारही भाग एकाच दिवशी. सगळे पहिल्या भागातल्या त्या चार सुरांबद्दल आणि मग त्यांनी आवाजात म्हटलेल्या नावाबद्दल बोलतात, तुम्ही चौथा भाग घ्या, साम (Psalm), म्हणजे स्तोत्र. अल्बमच्या आतल्या पानावर कोल्ट्रेनने लिहिलेली प्रार्थना छापली आहे. ती समोर ठेवा आणि चौथा भाग लावा. तो सॅक्सवर ती प्रार्थना शब्दाशब्दाने वाचतोय. ओळ संपते तिथे सूर खाली येतो, पुढची ओळ, परत. ज्यांना हा अल्बम "फार गंभीर" वाटून डोक्यावरून गेला त्यांच्यासाठी हीच किल्ली. तक्रार असेल तर ही की कामं करता करता हा लावताच येत नाही, भांडी घासताना तर अजिबात नाही.

मिंगस आह अम, १९५९. चार्ल्स मिंगस बासवाला आणि बँडचा मालकही. गुडबाय पोर्क पाय हॅट हे सॅक्सवाल्या लेस्टर यंगसाठी, तो त्याच मार्चमध्ये गेला होता, आणि त्यात जॉन हँडी सॅक्सवर एक सूर फडफडवत धरतो तिथे कोणालाही गप्प व्हावं लागतं. फेबल्स ऑफ फॉबस हे ऑर्व्हल फॉबस नावाच्या आर्कान्सॉच्या गव्हर्नरची टर उडवणारं, ज्याने १९५७ मध्ये लिटल रॉकच्या शाळेत काळ्या मुलांना शिरू न देण्यासाठी नॅशनल गार्ड उभे केले होते. या अल्बमवर त्याला शब्द नाहीत, कोलंबियाने ते येऊ दिले नाहीत, शब्दांसकटचं रूप १९६० मध्ये दुसऱ्या लेबलसाठी रेकॉर्ड झालं. दोन्ही पाठोपाठ लावा. मला विचाराल तर बिनशब्दांचं जास्त बोचरं आहे, धूनच वाकुल्या दाखवते.

जर्नी इन सच्चिदानंद, ॲलिस कोल्ट्रेन, १९७१. हार्प, फॅरो सँडर्सचा सॅक्स, सेसिल मॅकबीचा बास आणि मागे तानपुरा. आपल्या कानाला तानपुरा ऐकल्यावर राग सुरू होणार असं वाटतं आणि तो होत नाही, इथेच आपली माणसं वैतागतात. ती अपेक्षा बाजूला ठेवा, बासचा जो एकच तुकडा फिरत राहतो त्यावर बसा आणि हार्प वरून पडू द्या.

द कोल्न कॉन्सर्ट, कीथ जॅरेट, २४ जानेवारी १९७५. एकटा पियानो, सगळं जागच्या जागी सुचलेलं. पियानो चुकीचा आलेला, लहान, वरच्या सुरांना पत्र्यासारखा, खालच्यांना दम नाही, म्हणून तो मधल्या पट्टीतच राहतो आणि डावा हात एकच ठेका घोटत बसतो. पहिल्या भागात हे स्पष्ट कळतं. हा किस्सा इतका सांगितला गेलाय की संगीत मागे पडलंय, तेव्हा किस्सा एका वाक्यात आणि पुढे जा.

६. पुढचा अल्बम : यादीतून नाही, माणसातून

पुढे काय ऐकू, याचं उत्तर शंभर सर्वोत्तमच्या यादीत शोधू नका. दुसऱ्या पायरीत लिहिलेल्या नावांतून एक उचला आणि तो अजून कुठे वाजवतो ते बघा. पॉल चेंबर्स घेतला तर काइंड ऑफ ब्लूवरून ब्लू ट्रेन (१९५७) आणि जायंट स्टेप्सवर पोचता. ब्लू ट्रेनवर ट्रंपेटला एकोणीस वर्षांचा ली मॉर्गन, त्याच्या मागे गेलात की मोनिन आणि पुढे द साइडवाइंडर.

माझी लाडकी साखळी ड्रम्सवाल्या बिली हिगिन्सची. सुरुवात सॅक्सवाल्या ऑर्नेट कोलमनच्या द शेप ऑफ जॅझ टू कम (१९५९) पासून. पियानोच नाही, स्वरसंघ देणारं कोणी नाही. लोनली वुमन लावा, वर दोघं वाद्यवाले धून संथ, जवळजवळ रडवेली वाजवताहेत आणि खाली हिगिन्स झांजेवर धावतोय, दोघांचा वेग जुळत नाही आणि तरीही सगळं एकत्र आहे. मग द साइडवाइंडर, डिसेंबर १९६३, तोच माणूस, आता असा ठेका की बसून राहणं कठीण. तो २००१ मध्ये गेला. त्याचा जुना मित्र, सॅक्सवाला चार्ल्स लॉइड, याने २००४ मध्ये सँटा बार्बराला हिगिन्सच्या आठवणीत कार्यक्रम केला, आणि सोबत ड्रम्सवर एरिक हारलँड आणि तबल्यावर कोण, तर आपला झाकीरभाई. तो अल्बम संगम, २००६ मध्ये आला. म्हणजे ज्या ऑर्नेटला लोक "हे काय चाललंय" म्हणून बंद करतात, तिथून निघून दोन उड्यांत तुम्ही घरी. नवख्याला ही साखळी उलटी द्या, संगम आधी आणि ऑर्नेट शेवटी, जास्त जमतं.

इथेच मुंबई-गोव्याचंही सांगून टाकतो, कारण आपल्या कानावर हे संगीत आपण समजतो त्याच्या कितीतरी आधी पडलंय. तीसच्या दशकात ताजमध्ये लिऑन ॲबीसारखे आफ्रिकन-अमेरिकन बँडवाले येऊन वाजवत होते, गोव्याचे वादक ते ऐकत शिकले आणि पुढे सिनेमाच्या स्टुडिओत गेले. हळदोण्याचा अंतोनियो झेवियर वाझ, म्हणजे चिक चॉकलेट, मुंबईत ट्रंपेटवाला म्हणून गाजला आणि पुणतांब्याच्या सी. रामचंद्रांबरोबर त्याने काम केलं. भगवानदादांच्या अलबेला (१९५१) मध्ये त्याचा बँड पडद्यावरही दिसतो. घरातल्या मोठ्यांना जॅझ ऐकवायचं असेल तर दार हेच, आधी अलबेलाची गाणी, मग आर्मस्ट्राँग, "अगं हे तर तसंच आहे" असं आईच म्हणेल. सॅक्सवाला सॉनी रॉलिन्स साठच्या दशकाच्या अखेरीला पवईच्या आश्रमात येऊन राहिला होता आणि १९७८ च्या पहिल्या जॅझ यात्रा महोत्सवाला मुंबईत वाजवूनही गेला. त्याचा सॅक्सोफोन कोलॉसस (१९५६) ऐकताना पवईचा तलाव डोक्यात येतो, त्याला इलाज नाही. आणि ड्यूक एलिंग्टन १९६३ मध्ये भारतात फिरून गेल्यावर त्याने आणि बिली स्ट्रेहॉर्नने फार ईस्ट स्वीट केलं, त्यात ब्लूबर्ड ऑफ दिल्ली नावाचा तुकडा आहे, जिमी हॅमिल्टनची क्लॅरिनेट दिल्लीत ऐकलेल्या साळुंकीची शीळ घालते. लहान मुलांना तो ऐकवा, लगेच ओळखतात.

७. आवडला नाही तर

दोनदा पूर्ण ऐकूनही बसत नसेल तर सोडून द्या, सहा महिन्यांनी बघा. जॅझमध्ये "मला हे कळत नाही" म्हणायला लोक घाबरतात आणि मग मान डोलावत बसतात. कळत नाही ते सांगा, पण नेमकं सांगा. "गोंगाट आहे" यापेक्षा "सॅक्स किंचाळायला लागला की बाकीचे काय करताहेत ते ऐकूच येत नाही" असं म्हटलंत तर कोणीतरी म्हणेल, तिथे ड्रम्स धर. वाद घालायलाही काहीतरी हातात येतं.

नव्याजुन्याचं म्हणाल तर एक जुना, एक नवा असं आलटून पालटून ठेवा. १९५९ मध्येच राहायला गेलेली बरीच मंडळी माझ्या ओळखीत आहेत, सुखात आहेत, पण त्यांच्याशी गप्पा दहा मिनिटांत संपतात. गेल्या काही वर्षांतलं हवं तर इलेक्ट्रॉनिक संगीतवाला फ्लोटिंग पॉइंट्स आणि फॅरो सँडर्सचं प्रॉमिसेस (२०२१), एकच सात सुरांच्या आसपासचा तुकडा आणि म्हातारा सँडर्स त्यावर हळूहळू श्वास सोडतोय, किंवा अरूज आफताब, विजय अय्यर आणि शहजाद इस्माइलींचं लव्ह इन एक्झाइल (२०२३), रात्रीसाठी. कमासी वॉशिंग्टनचा द एपिक (२०१५) जवळजवळ तीन तासांचा आहे, तो तीन वेगळे अल्बम समजून तीन आठवड्यांत घ्या, एका दमात घेतलात तर पहिल्या तासानंतर सगळं एकसारखं वाटायला लागतं.

८. घरी चार जणांना बोलवा

एकट्याने ऐकणं ठीक, पण सांगायची खरी परीक्षा खोलीत होते. चार-पाच जण पुरे. प्रत्येकाने एकच तुकडा आणायचा, दहा मिनिटांच्या आतला. वाजवण्याआधी फक्त अल्बम, साल आणि वादकांची नावं, बाकी काही नाही. ते "आता बघ हं, आता येतंय" वालं बिलकुल नको, त्याने समोरचा तुमच्या तोंडाकडे बघत बसतो. वाजत असताना बोलायचं नाही, चहा आधी किंवा नंतर. संपलं की आणणाऱ्याने शेवटी बोलायचं, आधी बाकीच्यांनी कुठली जागा पकडली ते सांगायचं, बऱ्याचदा ती तुमच्या जागेपेक्षा वेगळी निघते आणि मग तुकडा दुसऱ्यांदा लावायचा. स्पीकर टीव्हीखालच्या कपाटात कोंबू नका, टेबलावर काढा, आणि आवाज इतकाच की बास ऐकू यावा पण शेजारी येऊ नयेत.

पहिल्या बैठकीला काय लावायचं हे ठरत नसेल तर एकच गाणं तीन जणांकडून घ्या. कोल पोर्टरचं नाइट अँड डे, १९३२ चं. आधी एला फिट्झजेराल्डने १९५६ च्या कोल पोर्टर साँगबुकमध्ये गायलेलं, म्हणजे मूळ धून सगळ्यांच्या कानात बसेल. मग सॅक्सवाल्या जो हेंडरसनच्या इनर अर्ज अल्बमवरचं, रेकॉर्डिंग १९६४ चं, पियानोला मॅकॉय टायनर आणि ड्रम्सला एल्विन जोन्स, म्हणजे अ लव्ह सुप्रीमचेच दोघं आणि तेही त्याच महिन्यांतले. मग विजय अय्यर, लिंडा मे हान ओह आणि टायशॉन सोरी यांच्या अनईझी (२०२१) मधलं. तिसऱ्या वेळी एलाची धून मनातल्या मनात गात राहा आणि ती कुठे हरवते, कुठे परत सापडते ते कागदावर खूण करून ठेवा, एकमेकांचं न बघता प्रत्येकाने आपापली. मग कागद एकत्र ठेवा आणि भांडा.